पुसायचे रुमाल

शनिवारी सकाळी इनास येतो,
सायकलच्या हँडलला पिशवी.
आत सहा रुमाल, पांढऱ्या लिननचे,
कोपऱ्यात लाल धाग्याचा इवलासा क्रूस.
"सावकाश धू," म्हणतो दरवर्षी,
जसं मी कधी घाईनं धुतलंय.

असोळण्याच्या इगर्जीत काल, गुड फ्रायडेला,
तो क्रुसाशेजारी उभा होता दुपारभर.
लोक रांगेनं यायचे, वाकायचे,
लाकडी पायांवर ओठ टेकवायचे,
आणि प्रत्येकामागून इनासचा हात:
एकदा पुसायचं, घडी फिरवायची,
पुढचा.

मी त्या दिवशी आत गेले नाही कधी.
आम्ही मडवळ. आम्हाला गाव कळतं डागांवरून.
हा लिपस्टिकचा, नव्या सुनेचा,
लग्नातलीच उरलेली असणार.
हा तपकिरीचा. काय सांगू, सगळ्यांना ठाऊक आहे.
रोझार सुताराचा डाग पडत नाही, वास येतो,
काजूच्या फेणीचा, उपासाच्या दिवशीसुद्धा.
आसवांचंही दिसत नाही काही.
कापड तेवढ्यापुरतं ताठ होतं,
अंगठ्याला लागतं.

एकदा विचारलं मी इनासला,
आम्ही पायांवर कपाळ ठेवतो,
तुमचे ओठ कशाला?
तो पंपाची नळी बोटाभोवती गुंडाळत राहिला.
मग म्हणाला, बागेत एकानं
मुका घेऊनच पकडून दिला होता त्याला.
ओठ लबाड. म्हणून त्यांनाच वाकवायचं.
आणि गेला, चाकात हवा न भरताच.

दिवसभर दगडावर मी रुमाल आपटत होते
आणि मनात तो गाल.
तो कुणी पुसला असेल?

पिएदादचा मुलगा बोटीवर आहे, चार वर्षं.
ती ओठ टेकवत नाही, इनास सांगतो,
ती त्या पायांवर गाल ठेवते,
जरा जास्तच वेळ, मागची रांग खोकेपर्यंत.
तिचा नातू परवा कपडे न्यायला आला.
आजीनं शिकवलंय, मोठं माणूस दिसलं की हात जोडायचे.
माझ्यासमोर उभा राहिला, साबणाच्या फेसात चपला घेऊन,
"बेसांव दी," म्हणाला.
त्यावर काय म्हणतात ते मला येत नव्हतं.
मी ओला हात पदराला पुसला,
त्याच्या डोक्यावर ठेवला,
म्हणाले, मोठा हो.
चाललं त्याला. उड्या मारत गेला.

आजाराच्या वर्षी इगर्जीला कुलूप होतं.
रुमाल आले नाहीत.
त्याच्या पुढच्या वर्षी दार उघडलं,
पण पाद्र म्हणाले, ओठ लावू नका, लांबून मान झुकवा.
तरी शनिवारी सायकल वाजली.
पिशवीत सहा रुमाल, इस्त्रीची घडी तशीच,
कोरेच्या कोरे.
मी त्याच्याकडे बघितलं.
तो साळ नदीकडे बघत होता.
"हात सवयीनं पुसत होता," म्हणाला.

पाच खरंच कोरे होते.
सहाव्याच्या आतल्या घडीत
एक ओलसर ठसा, अजून सुकलेला नाही,
बिडीचा वास, आणि मिशीचा एक पांढरा केस.
दारं लावून घेतल्यावरचा असणार.
त्याच्यामागून पुसायला कोणी नसतं,
स्वतःच स्वतःचं पुसायचं.

सहाही भिजवले.
नीळ घातली, जरा जास्त पडली.
दोरीवर टाकले, क्रूस खालच्या बाजूला आला
म्हणून परत उलटे टाकले.
पैसे द्यायला तो खिशात हात घालत होता.
मी म्हणाले, राहू दे,
आधी त्या चाकात हवा भर.