पन्नास सालचं काही

मोती तबेल्यातल्या खिडकीतून बाबू म्हणतो,
पन्नास सालचं काही आणा.

आजा, केरू निकाळजे, पाचोऱ्याहून आलेला,
तेव्हा मालवा मिलच्या साच्यावर होता.
मिलच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, साचे भंगारात गेले.
उरला हा पितळी बिल्ला,
नंबर घासून गुळगुळीत.
बाबू उलटा करून बघतो :
यावर जात कुठंय?

परदेशीपुऱ्यात खोली बघायला गेले होते.
मालकिणीनं आडनाव ऐकलं.
दारात काढलेली चप्पल
तिथंच परत घातली मी.
तिनं ना साल विचारलं, ना शिक्का.

अर्ज तिसऱ्यांदा परत.
बिल्ला रुमालात बांधते.
फोनवर पोरगी :
आई, मिळाली का गं जात?
शुक्रवारी फॉर्म बंद होतोय.