बारा अक्षरांचा केक

आईची पाककृती खालची, सांताक्रूझची,
जिथं लोणी ओट्यावर ठेवलं की आपलं आपण मऊ होतं
आणि केक एकदा फुगला की फुगलेलाच राहतो.
लग्नानंतर इथं येताना मी तो कागद
स्वेटरच्या घडीत घालून आणला,
कोपऱ्यावर तिच्या बोटाचा तेलकट ठसा.
त्या कागदाला कुणी सांगितलं नव्हतं
की एल आल्तो समुद्रापासून चार हजार मीटर वर आहे,
की इथं पाणी पुरतं तापण्याआधीच उकळल्याचं सोंग करतं
आणि इथली हवा केकला घाईघाईनं वर उचलते
मग मध्येच हात काढून घेते.

पहिला फुगला.
मी ओव्हनच्या काचेशी उकिडवी बसून होते,
तो डब्याच्या काठावर आला, काठाच्या वर आला,
मी ओरडले, "या, बघा तरी!"
सासूबाई घागऱ्याला हात पुसत येईपर्यंत
त्यानं मान टाकली होती.
त्या वाकल्या, नीट पाहिलं, म्हणाल्या,
"यात सूप छान राहील."

दुसऱ्यात बेकिंग पावडर निम्मी केली.
तो उठलाच नाही.

तिसरा उठत होता. खरंच उठत होता.
आणि गॅस संपला.
टाकीवाला गुरुवारी ठणठण वाजवत गेला होता
तेव्हा मीच म्हटलं होतं, आहे अजून, आहे.
मग कच्चा केक टॉवेलात गुंडाळून
आजारी बाळ न्यावं तसा गल्लीतून नेला
विल्मा चोकेवांकाकडे,
समोरून वारा, मागून दोन कुत्री.
विल्माचा ओव्हन एकाच कुशीला तापतो.
हे तिनं केक आत गेल्यावर सांगितलं.

तर : एक बाजू करपलेली, एक फिकट,
मधोमध खड्डा.
चौथ्यासाठी अंडी नव्हती.

खड्डा आटवलेल्या गोड दुधानं बुजवला,
पाहुणे यायच्या आधी रस्ता बुजवतात तसा.
क्रीमचं लोणी आधी दगड होतं,
शेगडीजवळ ठेवलं तर तेल झालं,
मधली ती मऊ घटका येऊन गेली असणार
मी दार उघडायला गेले तेव्हा.
साखर घातली. अजून घातली.
दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला, जास्तच कापला गेला,
आणि नाव लिहायला घेतलं.

सासऱ्यांचं नाव एर्मेनेखिल्दो.
बारा अक्षरं. पहिलं 'आचे', मुकं,
तोंडात कुणी घेत नाही, पण जागा तर लागतेच.
मी ते ऐटीत काढलं, लग्नपत्रिकेवर शोभेल असं.
पाचव्या अक्षराला कळलं.
आठव्यापासून अक्षरं एकमेकांना चिकटून उभी राहिली
मिनीबसच्या दारात राहतात तशी,
आणि शेवटची दोन
काठावरून घसरून बाजूला लोंबत राहिली.
नणंद म्हणाली, फोटो वरून काढू.
धाकट्यानं विचारलं, "आजोबा अर्धेच का?"

सत्तर वर्षांचे एर्मेनेखिल्दो
चश्मा कपाळावर सारून बराच वेळ वाचत बसले,
वरून वाचलं, मग ताटली फिरवून बाजूनं.
तीस वर्षं त्यांनी मिनीबस चालवली आहे,
लोंबणाऱ्यांचं त्यांना काही वाटत नाही.
मी सुरी हातात घेऊन उभी,
कान गरम.

"मला ते पहिलं अक्षर दे," ते म्हणाले.
"शाळेपासून माझ्या पुढं पुढं चालतंय,
कुणी कधी हाक मारली नाही बिचाऱ्याला."

करपलेली बाजू नेमकी तीच.
त्यांनी सावकाश चावून खाल्लं,
बोटानं ताटलीतली साखर गोळा केली,
मग म्हणाले, आता थोडा चहा.

मी किटली उचलली
आणि विल्माकडे गेले.