टोपीचं माप

नायना माप घ्यायचे हातानं. टेप नाही.
एक वीत, चार बोटं, पुढं गिऱ्हाइकाचं नाव.

तीस सालचा उन्हाळा. साखर पेठेत लष्करी बूट.
पांढरी टोपी दिसली की माणूस आत.
हे रात्री मशीनखाली गोणपाट अंथरून बसायचे,
मिलचा भोंगा झाला की
भोंग्याच्या आडोशानं एक शिवण उरकायचे.
टोप्या बाहेर जायच्या शेंगाचटणीच्या डब्यातून.
स्वराज्याला लसणाचा वास यायचा, म्हणायचे.

सापडले. आठ महिने.
सुटून आले तेव्हा उजवा अंगठा वाकत नव्हता.
सुई घुसली, एवढंच सांगायचे.

पेठेतला येल्लप्पा: एक वीत, तीन बोटं.
त्याची पहिली टोपी नायनांनीच शिवलेली.
तो नगरपालिकेत गेला, मग मुंबईला.
डोकं तेवढंच राहिलं,
टोपी दर निवडणुकीला उंच होत गेली.

बोनसच्या संपात यंत्रमागवाल्यांवर लाठी चालली
तेव्हा नायना गेटवर होते, साठी उलटलेले.
त्याची गाडी तिथूनच गेली.
ओळखलं नसेल, असं आई म्हणाली.
ओळखलं होतं.
मी बघितलं ना, काच वर जाताना.

तरी मत त्यांनाच. दर वेळी, आंघोळ करून.
मी भांडायचो.
ते म्हणायचे, बाळा, आपल्या हातचं शिवलेलं
उसवायला जीव होत नाही.

आता ऑर्डर येते पाच हजारांची.
फ्री साइज, मागं इलॅस्टिक.
मागल्या निवडणुकीचं बिल अजून फायलीत.
टोपी घातली, असं लोक म्हणतात.
आमच्या धंद्यात ती शिवीसुद्धा राहिली नाही.

नायना गेले त्या सकाळी पक्षाची माणसं आली,
हार, झेंडा, एक नवी टोपी घेऊन.
घातली तर डोळ्यांवर उतरली.
कुणीतरी मागून चिमटीत धरली, फोटोपुरती.

मी ती काढून घेतली.
हात ठेवला त्यांच्या थंड कपाळावर:
एक वीत, दोन बोटं. एवढेच उरले होते.
आत जाऊन उसवली,
पुन्हा शिवायला बसलो.
बाहेर साहेब घड्याळ बघत होते.
मशीनखाली मी गोणपाट घातलं नाही.