प्रश्न क्रमांक चौदा

एकशेवीस प्रती चावडीवरच्या झेरॉक्सवाल्याकडे काढल्या,
पैसे माझेच. पावती जपून ठेवली आहे,
ती कोणाला द्यायची ते अजून कळलेलं नाही.

मी तासावर शिकवतो. तास झाला तर पैसे,
शिगमो आला की तास गेला.
पीएचडीचा विषय:
विकसनशील प्रदेशांतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा उद्योजकीय कल.
मार्गदर्शक बाई म्हणाल्या, काणकोण घ्याच,
किनारा आणि डोंगर एकाच बाकावर मिळतात.

वर्गात पंखा एकच, पण जोरात.
कागद उडू नयेत म्हणून कोणी मोबाइल ठेवला,
रोझारियोने हेल्मेट.
"सर, खरं लिहायचं की बरोबर?"
मी म्हटलं, खरं.
सगळे हसले, मीही.

प्रश्न एक: पाच वर्षांत मी स्वतःचा व्यवसाय सुरू करीन.
पूर्ण सहमत, पूर्ण सहमत, पूर्ण सहमत.
शॅकवाल्याचा मुलगा, भाड्याच्या स्कूटरवाल्याची मुलगी,
आणि पोर्तुगालच्या पासपोर्टासाठी
आजोबांचा जन्मदाखला शोधणारा आवेलिनोसुद्धा.
त्याचा व्यवसाय नक्की कुठल्या देशात,
हे विचारायला माझ्या कागदावर रकाना नव्हता.

सुषिता वेळीप, राहणार खोला.
पूर्ण असहमत.
पेन असं दाबलेलं की गोल मागच्या पानावर उमटलाय.

आता हिला मी ओळखतो.
पहिल्या बसने येते, पाठीवर दप्तर, मांडीवर पोतं.
अकरा घरांची मिरची एकटी उचलते,
पांढरा डाग दिसला की त्या घरच्या मावशीसमोरच
बाजूला टाकते, आणि तरी मावशी चहा देते.
पाळोळ्याच्या आचाऱ्याला तिखट नको, रंग हवा;
बोस्त्यांव रविवारी पैसे देत नाही, सोमवारी लाजून देतो;
डिसेंबरात विकायची किती आणि
पुरुमेंतासाठी मडगावला न्यायची किती,
हे ती करमल घाटाच्या वळणांवर,
डोळे मिटून, ठरवते.

प्रश्न नऊ: मला बाजारपेठेचे विश्लेषण करता येते.
सांगता येत नाही.

प्रश्न चौदा: मी धोका पत्करू शकते.
पाचही चौकोन कोरे.
बाजूला समासात, निळ्या शाईत, एकच शब्द:
कोणाचा?

जिन्यात गाठून विचारलं.
म्हणाली, सर, हा काय धंदा न्हय.
धंदा म्हणजे बोर्ड, बिल, खुर्ची.
पाऊस लांबला, मिरची कुजली,
तर मी आपली कॉलेजात येऊन बसेन,
त्या अकराजणी कुठे बसतील?
मग, सहज बस कधी सुटते ते सांगावं तसं:
पंचायत सचिवाची परीक्षा देतेय.
एक तारखेला पगार. जुलैतसुद्धा.

"तुम्ही काय लिहिलंत चौदाला?"

मी म्हटलं, संशोधकाने स्वतः भरायचा नसतो.
ते खरं होतं. बरोबरही.

रात्री आकडे भरले. यंत्राने तिचा कागद लाल केला:
उत्तरांत सुसंगती नाही.
बाई फोनवर म्हणाल्या, गाळून टाका हो,
एका नमुन्याने काय होतंय.
तक्त्यात आता एकशे एकोणीस आहेत
आणि कल अत्यंत सकारात्मक आहे.

पुढच्या आठवड्यात तिच्याकडे मिरची मागितली, अर्धा किलो.
मानधन तीन महिने अडकलंय, म्हटलं, लिहून ठेव.
तिने वही काढली. तिरप्या अक्षरात माझं नाव,
पुढे कंसात: तासावरचे.
थोडा वेळ त्या कंसाकडे बघत राहिली.
मग काट्यावरून दोन मुठी परत पोत्यात टाकल्या
आणि पाव किलो दिली.