डबलबारीचा जमाखर्च

निवती बंदरावरची लिलावाची शेड धुतली,
कट्ट्यावर सतरंज्या घातल्या,
तरी खाली कुठेतरी जुन्या बांगड्याचा वास होताच.
'ऱ्हवांदे,' शेवंती कुबल म्हणाली,
'निदान वास तरी.'

रापण लागोपाठ तीनदा रिकामी आली होती.
दोर ओढायला साठ हात,
वाट्याला शेवाळ आणि एक डावी चप्पल.
नऊ घरांत तांदूळ उधारीचा.
म्हणून ही डबलबारी:
इकडे बुवा तांडेल, तिकडे खवण्याचे बुवा सारंग.
दोघांनी मानधन सोडलं,
भांडण मात्र सोडलं नाही.

मी सोसायटीचा कारकून. माझ्याकडे
पावतीपुस्तक, पत्र्याची पेटी
आणि नऊ नावांचा कागद,
दुसऱ्या गजरानंतर माइकवर वाचायचा.

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावता लावता
दादू मेथर वर न बघता म्हणाला,
'सातवा नाव माजा. वाचू नको.'
कणीक त्याने शेजारून आणली होती.
पखवाजासाठी होती
म्हणून मागता आली.

मग बारी चढली.
तांडेलबुवांनी कोडं घातलं,
सारंगबुवांनी ते उलटं करून परत केलं,
झीलकऱ्यांचे गळे तापले
आणि साडेअकराला लाइट गेली.

पास्कू फर्नांडिसचा जनरेटर
दोनदा खोकला, बसला.
मागून कोणीतरी ओरडलं,
'थांबू नका रे,
भजन काय वायरीतसून येता?'
पखवाज थांबला नव्हताच.

काळोखात माझ्या मांडीवरची पेटी
कुणीतरी उचलली,
ती हातोहात पुढे गेली.
नाणं पडलं की ऐकू यायचं.
नोटेला आवाज नसतो.
आणि एकदा, लांब, बायकांच्या बाजूला,
झाकण उघडल्याचा आवाज,
बराच वेळ न मिटलेला.

पहाटे शेडमागे मोजलं.
लाइट जाण्याआधी अठरा हजार तीनशे चाळीस.
आता सतरा हजार सहाशे,
आणि बर्फ कारखान्याचं एक टोकन,
एका लादीचं.
परत मोजलं.
अध्यक्ष म्हणाले, चोरी.
पास्कूने उगाच खिसा चाचपला.
दादू पुडीवरची कणीक खरवडून
कागदात बांधत होता, सगळी, नखातलीसुद्धा.
'रापणीच्या दोराक हात लावल्यान,
तेका वाटो,' म्हणाला,
आणि पखवाज खांद्याला लावून निघाला.

मी वहीत खर्चाच्या बाजूला लिहिलं:
चहा, पाचशे दहा.
डिझेल, पास्कूने घेतले नाहीत.
अंधारात वाटप, सातशे चाळीस.
अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला,
सही केली. पावतीचं विचारलं नाही.

नावांचा कागद वाचायचा राहिला
तो राहिलाच.
टोकन अजून वहीत आहे.
ते जमेला किती धरायचं
मला कळलेलं नाही.