टिकली

मार्केट यार्डात कोथळे ट्रेडिंगमध्ये
हिशेबाचा लॅपटॉप माझ्या ताब्यात.
नवा आणला तेव्हा धाकटे शेठ म्हणाले,
पासवर्ड नको आता, नुसतं तोंड दाखवायचं.

तोंड दाखवायला माझं काही जात नाही.
पण त्यानं नंतर बघत बसू नये,
मी डबा खाताना, पदरावरची हळद झटकताना,
राजापुरीचा भाव पडला की थोरल्या शेठांना
ओठ न हलवता काय काय म्हणताना.

म्हणून पर्समधलं पाकीट काढलं,
मरून टिकली, सहा नंबर,
लावली त्याच्या डोळ्यावर.

मग रोज सकाळी हेच.
टिकली सोलायची, नखावर धरायची,
हजेरी द्यायची,
कुलूप उघडलं की परत जागच्या जागी.
डिंक गेला की नवी.
पाकिटाचे पैसे किरकोळ खर्चात टाकावेत का,
असंही एकदा मनात आलं.

वडील हरिपुरात पेवांवर होते.
हळद भरली की तोंड मातीनं लिंपायचे.
उघडताना आधी दोरीनं कंदील सोडायचे,
विझला तर म्हणायचे, थांबा,
आत अजून वाफ कोंडलीय.
झाकायचं कसं, हे मला घरातूनच ठाऊक.

मंगळवारी लाईट गेली.
बाहेर सौद्याचा गलका, आत अंधार, घशात धूळ,
घाईत मी टिकली काढायची विसरले
आणि लॅपटॉप उघडला.
वेलकम, छबूताई.

तौफिक मुजावर मिरजेहून आला, बघून हसला.
म्हणाला, याला दोन डोळे असतात, ताई.
तुम्ही झाकलाय तो फोटोवाला.
ओळखणारा त्याच्या शेजारी, काचेमागं,
त्याला अंधारातपण चालतं.

सात महिने.
टिकली काढून ज्याच्यापुढं रोज नीट बसले
तो मला ओळखतच नव्हता.
ओळखत होता त्याच्यापुढं
मी जांभया दिल्या.

तो काही साठवत नाही, तौफिक सांगत होता,
चेहऱ्याची ठेवण तेवढी बघतो.
तेवढी म्हणजे केवढी, मी विचारलं नाही.

तो गेल्यावर दुसरी टिकली काढली.
बराच वेळ बोटावरच होती.
तेवढ्यात शेठांची हाक आली,
मगदूमांची पट्टी कुठंय,
दारात माणूस खोळंबलाय.
उठता उठता ती कपाळाला लावली.

तसंही सकाळपासून
कपाळ मोकळंच होतं.