साका

तीन बाटल्या. तिन्हींच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी,
मेहजबीनच्या तिरक्या अक्षरात:
खडकवासला, सकाळी सव्वासहा.
विठ्ठलवाडी, सात वाजून दहा.
संगमाच्या खाली, वेळ लिहायची राहिली,
कारण तिथे एक हात नाकावरच्या ओढणीत अडकला होता.

मी आधीच बजावलं होतं,
बाटली बुडवूनच भरा, आत एक बुडबुडाही नको,
नाहीतर आपण मोजू वरची हवा
आणि नदीला वाटेल, आपलीच स्तुती चाललीय.
कोणी हसलं नाही. अकरावी ब, पहिला तास.

पाण्यात ऑक्सिजन असतो हे सगळ्यांना पाठ.
'एच-टू-ओ मधला', असं रेवणने चाचणीत लिहिलं
आणि मी अर्धा गुण कापला.
तो नव्हे रे. तो हायड्रोजनशी संसार थाटून बसलाय,
माशाच्या काय कामाचा?
मासा शोधतो तो सुटा, सडाफटिंग,
रेणूंच्या गर्दीत अंग चोरून उभा असलेला,
लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम.
चिमटीत धरला तर चिमूट रिकामीच वाटावी,
एवढ्यावर चालतं नदीचं घर.

आता मँगनीज सल्फेट, पिपेटचं टोक पाण्याच्या आत.
मग अल्कली-आयोडाइड. बूच.
उलटी, सुलटी, उलटी.
थांबा.

खडकवासल्याच्या बाटलीत
काकवीच्या रंगाचा साका उतरू लागला,
पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा, कुठली घाई नसलेला.
विठ्ठलवाडी फिकट, दूध जास्त झालेला चहा.
आणि तिसरीत
पांढरं.
चुना कालवावा तसं शुभ्र.

"मॅडम, ही सगळ्यात स्वच्छ!" मेहजबीन म्हणाली
आणि मागच्या बाकाने टाळ्या वाजवल्या.

त्यांचा काय दोष?
शाळेचा सदरा, दवाखान्याची चादर, साबणाची जाहिरात,
सगळी भाषाच पांढऱ्याच्या बाजूने उभी.
मँगनीजला मराठी येत नाही.
त्याला इतकंच ठाऊक:
ऑक्सिजन भेटला तर तपकिरी व्हायचं,
नाही भेटला तर बसून राहायचं
नेसल्या पांढऱ्यानिशी.

पहिलीत आम्ल घातलं, मधासारखं आयोडीन सुटलं.
खळीचे चार थेंब, शाईसारखं निळं.
मग थायोसल्फेट, थेंब, थेंब,
आणि एका थेंबाला निळा रंग गुल.
सात पूर्णांक दोन.
तिसरीसाठी बुरेटची तोटी उघडावीच लागली नाही.

रेवण बराच वेळ गप्प होता.
मग कॅनमधलं संगमाचंच उरलेलं पाणी घेऊन
त्याने या चंचुपात्रातून त्या चंचुपात्रात ओतलं,
हातभर उंचीवरून, वीसदा,
स्वारगेटला त्याचा मामा चहा ओततो तसं.
पुन्हा चाचणी. तपकिरी!
वर्ग ओरडला. मी ओरडू दिलं.
त्याच पाण्याची आणखी एक बाटली
कपाटात ठेवली, अंधारात, सत्तावीस अंशांवर.

तीन दिवसांनी, गुरुवारी, तपासली.
पांढरी.

"कुणी खाल्लं?"
खाल्लं नाही, श्वासात घेतलं, मी म्हटलं.
खात होते जिवाणू,
आपल्या मोऱ्यांचं, ताटांचं, संडासांचं सगळं.
"म्हणजे मी दिलेला श्वास
आपलंच उष्टं संपवताना संपला?"
पुस्तकात याला बीओडी म्हणतात. फळ्यावर मी तेच लिहिलं.
अर्धा गुण मात्र त्याला परत दिला.

मेहजबीनच्या वहीत तिसरा रकाना कोरा होता.
म्हटलं, शून्य लिही.
शून्य हेही निरीक्षण आहे.
कोरा रकाना म्हणजे आपण तिथे गेलोच नव्हतो.

मुलं पांगली. काशिलिंगने ट्रे उचलला,
बेसिनपाशी थबकला.
"मॅडम, हे कुठं ओतू?"

बेसिनचा पाइप मागच्या नाल्यात,
नाला आंबिल ओढ्यात,
ओढा

टेबलाखालची बादली आधीच काठोकाठ भरलेली.
घंटा झाली.
तो ट्रे घेऊन उभाच.